खालच्या मजल्यावरची ड्युटी

६ जानेवारी, सोमवार

एका ट्रान्सपोर्टवाल्याने नव्या वर्षाची म्हणून दिलेली ही डायरी ऑफिसात पडून होती. आज घरी आल्यावर कोणाशी बोलवेना, म्हणून हिच्यात लिहायला बसलो.

केंद्रात दुपारी जेवताना कुणाल बिथरला. खालच्या गल्लीत एक कंटेनर रिव्हर्स घेत होता, त्याचा तो टी-टी आवाज काही थांबेना. कुणालने आधी कान दाबले, मग ताट भिरकावलं. आमचा मदतनीस नवशा त्याला आवरायला गेला तर स्टीलचा ग्लास त्याच्या भुवईवर बसला. रक्त आलं. बाकीची मुलं रडायला लागली, मेघाली त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. मी खालच्या ऑफिसातून धावत वर आलो, कुणालला मागून धरलं आणि जमिनीवर पालथा पाडला. त्याच्या खांद्यावर गुडघा ठेवून दाबून धरला. तो सतरा वर्षांचा आहे, पण अंगाने माझ्याहून थोराड. बोलता येत नाही त्याला, ऑटिझम आहे. नुसता घशातून आवाज काढत होता. मग तोही बंद झाला. शांत झाला.

संध्याकाळी केसरीनाथशेठ आले. कशेळीतल्या त्यांच्याच जुन्या गोडाऊन-ऑफिसच्या इमारतीत विशेष मुलांचं आमचं निवासी केंद्र चालतं, ट्रस्टही त्यांचाच. म्हणाले, "शैलेश, तू होतास म्हणून निभावलं. गोडाऊनमध्ये एवढे हमाल सांभाळलेला माणूस तू. उगाच नाही तुला इन्चार्ज केला."

बरं वाटलं. पण जेवण गेलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

कुणालची आई आली होती. मनिषाताई. अकलोलीला राहतात, वज्रेश्वरीला देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांचं दुकान आहे. मंगळवार-रविवारी गर्दी असते, म्हणून त्या बुधवारच्या बसने येतात.

शेठनी त्यांना सोमवारचं सगळं सांगितलं, माझ्या कौतुकासकट. त्यांनी मला हात जोडले. "सर, तुमी धरलात म्हनून बरा झाला. नायतर त्या पोराचा डोला गेला असता." मला अवघडल्यासारखं झालं. मग म्हणाल्या, "याचा बापूस पन असाच धरायचा, भुईला दाबून. मग चार-चार दिस गोठ्यात जाऊन निजायचा हा. आमच्या जवल येयाचा न्हाय. पन गप र्‍हायाचा. आता बापूस न्हाय, मना एकटीला आवरत न्हाय."

म्हणजे घरीही हीच पद्धत होती. ऐकून हलकं वाटलं.

मी तिथे उभा होतो तोवर कुणाल कपाटामागून बाहेर आला नाही. आईवर रुसला असेल. फोन आला म्हणून मी खाली गेलो, परत वर आलो तर तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. मला बघून उठला आणि पुन्हा कपाटामागे गेला. या मुलांच्या मनात कधी काय येईल सांगता येत नाही.

नवशा नोकरी सोडतो म्हणतोय. बावीस वर्षांचा आहे, अकलोलीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. भुवईला टाका पडलाय. "सर, मना भ्याव वाटतं. मी आपला शेतावं जाईन." त्याला थांब म्हणालो. तो गेला तर दुसरा माणूस मिळायचा नाही. शेठना सांगितलं, स्टाफला काहीतरी शिकवायला पाहिजे, नाहीतर एकेक करून सगळे जातील.

१९ जानेवारी, रविवार

काल आणि आज ट्रेनिंग झालं. ठाण्याहून प्राजक्ता मॅडम आल्या होत्या. पन्नाशीच्या, आवाज इतका हळू की पुढे सरकून ऐकावं लागतं. नंतर कळलं, तो त्या मुद्दाम तसा ठेवतात.

त्यांचं म्हणणं असं: मूल बिथरलं की त्याचे कान बंद होतात, तेव्हा समजावणं, दटावणं सगळं वाया. कमी बोला. समोर छाती काढून उभे राहू नका, तिरके उभे राहा. दोन हात लांब. दाराच्या मध्ये कधी उभं राहायचं नाही, त्याला वाट मोकळी दिसली पाहिजे. आणि बिथरण्याआधी काय झालं होतं ते बघा, खरं काम तिथे आहे. अंगाला हात अगदीच जिवावर बेतलं तर. पालथं पाडून वर वजन तर कधीच नाही, त्यात श्वास कोंडून मुलं गेलेली आहेत.

हे ऐकताना मेघालीने माझ्याकडे बघितलं. ती आमची स्पेशल टीचर. मी लिहून घेत राहिलो.

आज नाटकासारखं करून घेतलं. मला मूल केलं. मी ओरडायचं, वस्तू फेकायच्या आणि नवशाने मला शांत करायचं. सगळे हसले. मग मॅडम म्हणाल्या, "आता तुमची परवानगी असेल तर मी फक्त मागून धरते, तुम्ही सुटायचा प्रयत्न करू नका." त्यांनी माझे दोन्ही दंड मागून धरले. जोर काहीच नव्हता, बाईमाणसाचे हात. तरी मला धाप लागली. कोण काय करणार आहे ते दिसत नव्हतं. सोडल्यावर त्यांनी विचारलं, "काय वाटलं?"

मी म्हणालो, "काही नाही."

खरं म्हणजे त्यांना कोपर मारावंसं वाटलं होतं. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

जाताना शेठ आणि मॅडमनी ठरवलं की इथून पुढे दर सोमवारी स्टाफला मीच शिकवायचं.

२८ जानेवारी, मंगळवार

काल पहिला वर्ग घेतला. फळ्यावर सगळं लिहिलं. नवशा मान डोलावत होता, त्याला किती कळलं देव जाणे. मेघाली म्हणाली, "कुणाल कधी बिथरतो, त्याच्या आधी काय झालेलं असतं, हे आपण सगळ्यांनी लक्षात ठेवूया." मी म्हटलं, जरूर.

हे दोन आठवडे कठीण गेले. कुणाल चार वेळा बिथरला. एकदा खिडकीची काच गेली. चारही वेळा मीच ड्युटीवर होतो. जबाबदार माणसाच्या वाट्यालाच हे येणार. पण सकाळी निघताना मी हल्ली रेंगाळतो. भिवंडी रोडला गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की खरं सांगायचं तर बरंच वाटतं, तेवढाच उशीर.

वर गेलो की आधी कुणालकडे लक्ष ठेवतो. मॅडमनी सांगितलेली लक्षणं त्याच्यात लगेच दिसतात. मान खाली, कान झाकणं, पुढे-मागे डोलणं. दिसली की मी वेळ न घालवता त्याच्याजवळ जाऊन उभा राहतो. तिरका, दोन हातांवर, सांगितल्याप्रमाणे. तरी भडका उडतोच. माझं कुठे चुकतंय कळत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चुलतभावाचं लग्न होतं. रविवारी हळद, काल लग्न. बँडच्या आवाजात पण माझं लक्ष फोनकडे. परवा आणि काल मिळून कितीतरी वेळा मेघालीला फोन केला. "सगळं ठीक आहे सर. कुणाल जेवला. आता झोपलाय." हेच दर वेळी. परवा संध्याकाळी म्हणे तो नवशाबरोबर गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालत होता.

हे लोक माझ्यापासून काहीतरी लपवतायत.

आज आल्यावर काचा, भांडी सगळं तपासलं. काही फुटलेलं नाही. दुपारी कुणालने माझ्यासमोर पाण्याचं भांडं फेकलं. म्हणजे दोन दिवसांचं साचलेलं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मेघाली ऑफिसात आली. दार उघडंच ठेवलं.

"सर, एक बोलायचंय. तुम्हाला वाईट वाटेल."

"बोल."

"कुणाल जानेवारीपासून जितक्या वेळा बिथरला, त्यात एकदा सोडून प्रत्येक वेळी तुम्ही नुकते वर आलेले होता. जिन्यात तुमच्या बुटांचा आवाज आला की तो कपाटामागे जातो. सर, तो तुम्हाला घाबरतो. त्या दिवशी जमिनीवर धरलंत तेव्हापासून."

मी खुर्चीवरून उठलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. काल आलेल्या पोरीने मला शिकवू नये म्हणालो. त्या दिवशी मुलांना घेऊन आत पळालीस, नवशाचा डोळा कोण वाचवणार होतं, म्हणालो. टेबलावर हात आपटला. आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातली भांडी घासायची थांबली.

मेघाली एक पाऊल मागे झाली आणि तिरकी उभी राहिली. हात खाली, मोकळे. दारातून बाजूला सरकली, म्हणजे मला जायचं तर जाता यावं. मग अगदी हळू म्हणाली, "बरोबर आहे सर. तुम्ही खूप थकलाय. मी इथेच आहे."

मला एकदम कळलं ती काय करतेय ते. पहिल्या वर्गात मीच फळ्यावर लिहिलेलं होतं.

मी बसलो. ती पाणी ठेवून गेली. सगळ्यात लाज याची वाटली की त्याचा उपयोग झाला.

१० फेब्रुवारी, सोमवार

मेघालीचं म्हणणं खोटं आहे हे मला स्वतःला पटवायचं होतं. कुणालला शेंगदाण्याची चिक्की आवडते. बूट खाली काढले, चिक्की घेतली, अनवाणी वर गेलो. तो खिडकीजवळ रंगीत मणी ओवत बसला होता. त्याला जाता येईल अशी वाट ठेवून मी लांब खाली बसलो. चिक्की फरशीवर सरकवली. हसलो.

त्याने काही फेकलं नाही. ओरडला नाही. कपाटामागेही गेला नाही. हातातला मणी तसाच धरून बसून राहिला, डोळे माझ्या गुडघ्यावर. मला वाटलं, बघ, झालं की नीट.

मग त्याच्या पँटीखालून फरशीवर ओल पसरली.

मी उठून खाली आलो. नवशाने त्याला धुवून कपडे बदलले. आजचा वर्ग मेघालीला घ्यायला सांगितला, डोकं दुखतंय म्हणालो.

सहा जानेवारीला मी लिहिलं होतं की तो शांत झाला. पान उलटून परत वाचलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं नीट लिहून ठेवतो. उद्या आठवणार नाही.

सकाळी पाण्याचा टँकर आत घ्यायला वॉचमनने फाटक उघडलं होतं. नवशा मुलांना अंगणात फिरवत होता. त्याच वेळी मी बाइकवरून आलो. आठवडाभर मी अंगणात मुलं असली की मागच्या बाजूने यायचो, आज उशीर झाला म्हणून पुढून आलो. हेल्मेट काढलं आणि कुणालची नजर माझ्यावर पडली.

तो टँकर आणि भिंतीमधल्या फटीतून निघून बाहेर रस्त्याकडे पळाला.

आमच्या गल्लीच्या तोंडाला ठाणे रोड. कंटेनर, ट्रेलर, टेम्पो, सगळे खाडीपुलाकडे सुटलेले असतात. मी मागे धावलो. त्याने वळून बघितलं आणि आणखी जोरात सुटला. मी धावलो की तो धावतो. हे माझ्या डोक्यात शिरायला किती वेळ लागला माहीत नाही, पण तोवर तो रस्त्यावर होता. कडेच्या लेनमध्ये, कान दाबून, गोल फिरत.

मी थांबलो. थांबणं इतकं जड असतं हे माहीत नव्हतं. मग त्याच्याकडे न जाता पलीकडे, गाड्या येतात त्या दिशेला गेलो आणि त्याच्याकडे पाठ करून दोन्ही हात पसरून लेनमध्ये उभा राहिलो. पहिला ट्रेलर ब्रेक मारत मारत माझ्यापासून जेमतेम हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"मरना है क्या?"

"भाई, बच्चा है पीछे. हॉर्न मत बजाना. हाथ जोड़ता हूँ, हॉर्न मत बजाना."

त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. इंजिन बंद केलं. क्लीनर उतरून मागच्या गाड्यांकडे धावला, "हॉर्न मत मारो, बच्चा है" म्हणत. तरी लांबून कोणीतरी वाजवलाच.

मागे काय चाललंय मला दिसत नव्हतं. वळलो असतो तर त्याला माझा चेहरा दिसला असता. ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत राहिलो, मागचं त्याच्या तोंडावरून कळेल म्हणून. एकदा त्याने डोळे मिटले.

मग नवशाचा आवाज आला. धावत आला नव्हता, धाप नव्हती. "कुणाल. मी हाय. घाई न्हाय." जरा वेळ काही नाही. पुन्हा, "पानी हाय माझ्याकडं. आपन त्या झाडाखाली जाव. तू पुढं, मी मागं." मग बराच वेळ काही नाही. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "जा रहा है. बैठ गया उधर."

तेव्हाही मी वळलो नाही. हात खाली आले तेव्हा कळलं, ते आखडून गेले होते.

कुणालचा तळपाय सोलवटला. बाकी काही नाही. नवशा मागच्या पायरीवर बसून ओकला. त्याच्या पाठीवरून हात फिरवायला गेलो आणि आधी विचारलं, "हात लावू का?" तो म्हणाला, "लावा ना सर, विचारता काय."

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेठनी बोलावलं. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं.

"त्या पोराला घरी पाठव. उद्या गाडीखाली गेला तर ट्रस्टचं नाव जाईल. आईला सांग, आम्हाला झेपत नाही."

"तिलाही झेपत नाही शेठ. ती दुकानात गेली की त्याला घरात कोंडून ठेवायला लागेल."

"मग काय करू? तू एवढा असून तुला आवरत नाही."

मी सांगितलं. तो रस्त्याकडे पळाला नव्हता, माझ्यापासून पळाला होता. जानेवारीपासूनचं सगळं सांगितलं. मेघालीचं नाव घेतलं, कारण ओळखलं तिने. शेठ ऐकत होते, पण त्यांना पटत नव्हतं. "तू त्याला वाचवलंस काल. आणि त्या दिवशीही. आता हे काय नवीन?"

"शेठ, वरचा मजला मेघालीकडे द्या. मी खाली बघतो. फाटक, गाड्या, सामान, नवीन माणसांचं ट्रेनिंग. तो असेल तोवर मी वर जाणार नाही."

"इन्चार्ज वर जाणार नाही, मग तू इन्चार्ज कसला?"

"मग नाही इन्चार्ज."

त्यांनी पेन टेबलावर टाकलं. शेवटी म्हणाले, "महिनाभर बघू. पुन्हा काही झालं तर पोरगा जाईल, आणि तुझंही मग मला बघावं लागेल."

घरी सांगितलं नाही. काय सांगणार, खालच्या मजल्यावर बढती झाली म्हणून?

१९ फेब्रुवारी, बुधवार

मनिषाताई आल्या होत्या. फाटकाशीच त्यांना गाठलं. म्हटलं, "ताई, घरी नेलात तर त्याला कोणी भुईला धरायचं नाही. कितीही बिथरला तरी. मी धरला, ते चुकलं."

"मग कसा आवरायचा?"

दोन हात लांब, वाट मोकळी, कमी बोलणं, मला जे येतं ते सगळं तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "तो गोठ्यात जायचा तवा मी त्याला तिकडं भाकर नेऊन ठेवायची. बापूस रागवायचा. लाडावतीस, म्हनायचा. मना वाटायचा माझाच चुकतंय."

मी फाटक उघडून धरलं. त्या वर गेल्या.

११ मार्च, मंगळवार

शेठनी दिलेला महिना संपायला चार दिवस आहेत. मी हे मोजत नाही असं सगळ्यांना सांगतो.

आज दुपारी वर आवाज झाला. आधी खुर्ची सरकल्याचा, मग काहीतरी भिंतीवर आदळल्याचा. मग कुणालचा तो घशातला आवाज. मी खाली तांदळाची पोती उतरवून घेत होतो. हातातलं सोडून जिन्यापाशी गेलो. एक पाय पायरीवर पडलाच.

तिथेच थांबलो. कठडा घट्ट धरला. टेम्पोवाला म्हणाला, "साब, ऊपर देखो ना." मी म्हटलं, "देख रहे हैं वो लोग."

पुन्हा काहीतरी पडलं. मेघालीचा आवाज येत नव्हता, म्हणजे ती कमी बोलत असेल. का तिला लागलं असेल? नवशा आहे का तिथे? मुलांना आत नेलं असेल ना? हे सगळं मी शिकवलंय, सगळ्यांना येतं, असं मनात म्हणत राहिलो.

एक गोष्ट लिहितो. तेवढ्यात मनात आलं, मी वर नसतानाही तो बिथरला. म्हणजे सगळं माझ्यामुळेच नव्हतं. आणि मला बरं वाटलं. वर एक पोरगं भिंतीला डोकं आपटत असेल आणि खाली मला बरं वाटत होतं. अजून मी असाच आहे.

मग आवाज कमी झाला. सगळा थांबला नाही, लांबल्यासारखा झाला. कोणीतरी पंखा बंद केला. पलीकडच्या गोडाऊनमध्ये माल उतरत होता तेही ऐकू यायला लागलं.

नवशा जिन्याच्या वरच्या टोकाला आला. शर्ट खांद्याला फाटलेला, बाकी धड. दबक्या आवाजात म्हणाला, "सर, एक चादर पायजे. जाड. त्याला गुंडालून बसायचाय."

मी कपाटातून सोलापुरी चादर काढली. बूट काढून जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत गेलो, चादर पायरीवर ठेवली आणि खाली आलो.

टेम्पोवाला अजून थांबला होता. दोघांनी मिळून उरलेली पोती उतरवली.